दहाचे दोन भाग

दहाचे असे दोन भाग पाडा की त्यांचा गुणाकार चाळीस यावा. जमणार नाही; पाच-पाच असे भाग केले तरी गुणाकार २५च्या वर जात नाही. इटलीतल्या जिरोलामो कार्डानोने १५४५ साली ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात तरीही उत्तर दिलं: पाच अधिक उणे पंधराचं वर्गमूळ, आणि पाच वजा तेच वर्गमूळ. बेरीज दहा. गुणाकारात पंचविसातून उणे पंधरा वजा होतात, म्हणजे चाळीस. हिशेब चोख; पण उणे संख्येला वर्गमूळ कसलं? हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी, असा शेरा मारून कार्डानो मोकळा झाला.

पण १९२६मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगरने इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या तरंगांचं समीकरण मांडलं, तर त्यात उणे एकाचं वर्गमूळ ठाण मांडून बसलेलं! त्यालाही ते रुचलं नव्हतं. भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झला लिहिलेल्या पत्रात त्याने तशी कुरकुर केली आहे. तरी अणूंचे रासायनिक बंध आज आपण त्याच समीकरणाने समजून घेतो.

मापासाठी घडवलेलं गणित मापाला उपयोगी पडलं, तर नवल नाही. कुणाच्या गरजेपोटी न घडलेलं गणित निसर्गाला कसं लागू पडतं, हा खरा प्रश्न आहे. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६०च्या गाजलेल्या निबंधात याला जवळजवळ चमत्कारच म्हटलं. त्यावर रोकडा आक्षेप असा की, लागू पडलेलं तेवढंच आपण मिरवतो. न पडलेलं कुणाच्या लक्षात राहतं? आक्षेपात तथ्य आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही.

मग गणित उत्क्रांतीनेच आपल्या मनात रुजवलं, म्हणून ते निसर्गाला लागू पडतं का? मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९२मध्ये पाच महिन्यांच्या बाळांसमोर पडद्याआडच्या एका बाहुलीशेजारी दुसरी ठेवली. पडदा काढल्यावर एकच दिसली, की बाळं जास्त वेळ टक लावून पाहत. मोजणीची जाण उपजत असावी, असं यावरून म्हणता येतं. पण उणे पंधराच्या वर्गमुळाची? तिथे उत्क्रांतीचा दाखला तोकडा पडतो. उलट, गणित मनाबाहेर स्वयंभू आहे असं मानणाऱ्यांनी ते मनाला कळतं कसं, हे सांगायला हवं. त्यांची इथेच पंचाईत होते.

या वादात उतरायला शाळेतलं बीजगणित पुरे. तत्त्वज्ञानाकडून येणाऱ्यांनी समीकरणांना बिचकू नये. आणि भौतिकीवाल्यांनी ‘उत्तर बरोबर येतंय ना, मग झालं’ म्हणून हात झटकू नयेत.