लघुआंत्र संलक्षणावरील उपचारांचा इतिहास : शिरेवाटे पोषणापासून आंत्र पुनर्वसनापर्यंत

प्रस्तावना

मानवी लहान आतड्याची लांबी प्रौढपणी साधारणतः सहा मीटर, तर पूर्ण दिवसांच्या नवजात अर्भकात सुमारे अडीच मीटर असते. आतड्याला पडलेला पीळ, खंडित झालेला रक्तपुरवठा, क्रोन रोग, तसेच अर्भकांतील जन्मजात आंत्ररोध किंवा नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस यांमुळे त्याचा मोठा भाग कापून काढावा लागतो. उरलेले आतडे अन्न, पाणी व क्षार पुरेसे शोषू शकत नाही. या अवस्थेस लघुआंत्र संलक्षण, म्हणजेच 'शॉर्ट बॉवेल सिंड्रोम' असे म्हणतात. प्रौढांत २०० सेंटिमीटरपेक्षा कमी लहान आतडे उरल्यास हा धोका संभवतो. प्रस्तुत निबंधात या विकारावरील उपचारांच्या ऐतिहासिक वाटचालीचा आढावा घेण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१. शिरेवाटे पोषणाच्या शोधाची पार्श्वभूमी समजून घेणे.
२. या उपचारातून उद्‌भवलेल्या समस्यांचा वेध घेणे.
३. उरलेल्या आतड्याकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात झालेला बदल स्पष्ट करणे.

१९६८ पूर्वीची स्थिती

१९३५ मध्ये हेमंड या संशोधकाने मोठ्या आंत्रच्छेदनाच्या २५७ नोंदी एकत्र करून अभ्यासल्या. एकतृतीयांश आतडे गेले तरी रुग्ण निभावतो. मात्र निम्मे आतडे ही सुरक्षिततेची मर्यादा होय, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यापलीकडे गेलेल्या रुग्णासाठी शल्यचिकित्सकाच्या हाती फारसे काही नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी होई आणि रुग्ण पुढे उपासमारीने दगावे.

शिरेतून पोषण देण्याची कल्पना नवी नव्हती. अडचण तांत्रिक होती. पुरेशा उष्मांकांसाठी साखरेचे दाट द्रावण आवश्यक होते आणि हातापायांच्या लहान शिरांचा त्याने दाह होत असे. १९५२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक रोबेर ओबानियाक यांनी गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेत सुई घालण्याची पद्धत वर्णिली. तेथील वेगवान रक्तप्रवाहात दाट द्रावण त्वरित सौम्य होते. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सोयाबीन तेलापासून शिरेवाटे देता येईल असे 'इंट्रालिपिड' हे पायस सिद्ध केले.

फिलाडेल्फियातील प्रयोग

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोनाथन ऱ्होड्स यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ली ड्युड्रिक यांनी बीगल जातीच्या पिल्लांना केवळ शिरेवाटे पोषण देऊन वाढविले. तोंडाने खाणाऱ्या भावंडांच्या बरोबरीने त्यांची वाढ झाली. १९६७ मध्ये डग्लस विल्मोर व ड्युड्रिक यांनी हीच पद्धत लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात बालिकेसाठी वापरली. तिचे वजन वाढले, डोक्याचा घेर वाढला. १९६८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ती बालिका सुमारे २२ महिने जगली. अन्नमार्गाविना मानवी शरीराची वाढ होऊ शकते, हे या घटनेने सिद्ध केले.

यानंतर प्रश्न रुग्णालयाबाहेरील जीवनाचा होता. सिएटल येथे डायलिसिसचे प्रवर्तक बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९७० मध्ये 'कृत्रिम आतडे' ही संकल्पना मांडली. १९७३ मध्ये ब्रोव्हियाक आणि १९७९ मध्ये हिकमन यांच्या नळ्या आल्या. रात्री झोपेत पोषण घेऊन दिवसा शाळेत वा कामावर जाणे आता शक्य झाले.

उपकारक उपचाराचे अपकार

जीव वाचविणारी नळीच जंतुसंसर्गाचे प्रवेशद्वार ठरली. वारंवारच्या संसर्गाने व रक्ताच्या गुठळ्यांनी मोठ्या शिरा एकेक करून निकामी होत. अर्भकांत यकृताचा ऱ्हास होऊ लागला व सोयाबीन तेलाचे पायस त्याचे एक कारण मानले गेले. ज्या पायसाने पोषण शक्य केले, तेच प्रमाणाबाहेर घातक ठरले. पुढे त्याचे प्रमाण घटविण्यात आले. २०१८ मध्ये अमेरिकेत माशाच्या तेलापासूनच्या पायसास बालकांसाठी मान्यता मिळाली.

उरलेल्या आतड्याकडे

या अनुभवातून लक्ष पुन्हा उरलेल्या आतड्याकडे वळले. अन्नाच्या स्पर्शाने त्याचे अस्तर वाढते, हे लक्षात आल्यामुळे थोडे का होईना, पण तोंडाने वा नळीने अन्न देण्यावर भर आला. मुलांचे आतडे वयाबरोबर लांबत असल्याने त्यांना अधिक वाव असतो. प्रौढांत हे अनुकूलन मुख्यत्वे पहिल्या एक-दोन वर्षांत घडते.

पाण्याविषयीची समजूतही बदलली. आतड्याचे टोक पोटावर काढलेल्या रुग्णाने नुसते पाणी अधिक प्यायल्यास शरीरातील मीठ उलट अधिक वाहून जाते. ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषले जातात, या तत्त्वावर बनविलेले मीठ-साखरेचे द्रावण त्याला उपयुक्त ठरते. हेच तत्त्व १९७१ मध्ये दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले होते.

शल्यचिकित्सेतही हीच दिशा दिसते. १९८० मध्ये एड्रियन बियांकी यांनी फुगलेले आतडे उभे विभागून त्याच्या दोन नळ्या जोडण्याची, तर २००३ मध्ये बोस्टनच्या चमूने आलटून-पालटून छेद देऊन आतडे लांबविण्याची पद्धत मांडली. डॅनियल ड्रकर यांनी १९९६ मध्ये आंत्रवाढीस चालना देणारे जीएलपी-२ हे संप्रेरक ओळखले. त्यावर आधारित टेड्युग्लुटाइड या औषधास अमेरिकेत २०१२ मध्ये प्रौढांसाठी व २०१९ मध्ये बालकांसाठी मान्यता मिळाली. आंत्र-प्रत्यारोपण मात्र मुख्यत्वे शिरेवाटे पोषण निष्फळ ठरलेल्यांसाठीच राहिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, शिरेवाटे पोषणाने रुग्णास प्रथम आयुष्य दिले. परंतु त्याच्याच दुष्परिणामांनी वैद्यकास आतड्याच्या अंगभूत क्षमतेकडे परत वळविले. आज यशाची कसोटी नळीवर किती काळ जगला ही नसून, नळी किती लवकर सुटली ही आहे. घरगुती शिरापोषणाचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असल्याने येथे या बदलास विशेष महत्त्व आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आतड्याचा शक्य तेवढा प्रत्येक सेंटिमीटर वाचविणे, उरलेल्या लांबीची नोंद ठेवणे आणि योग्य द्रावण व आहार लवकर सुरू करणे, हे अल्पखर्चिक उपायच अनेक रुग्णांच्या बाबतीत जीवन-मरणाचा प्रश्न ठरवितात.