लोण्याकडून डालड्याकडे आणि परत

तुमच्या आजीच्या घरी साय विरजून, रवीने घुसळून लोणी काढत. ते फार टिकत नसे, म्हणून कढवून तूप करत. पाणी उडाले की ते महिनोन्‌महिने राहते. (बेरी मुलांच्या वाटणीची!)

१९३७ मध्ये डालडा आला आणि तुपापेक्षा स्वस्त म्हणून घराघरांत शिरला. पण वनस्पती तेल हायड्रोजनने घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले घटवते. आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडले.

आता ‘तूप हवे तेवढे खा’ असे संदेश फिरतात. तसे नाही. तुपात निम्म्याहून अधिक संपृक्त चरबी असते. लोण्याचा गोळा भाकरीवर पडे, तो दिवसभर शेतात राबणाऱ्याच्या. तुमचे काम खुर्चीतले असेल, तर दिवसाला एक-दोन लहान चमचे पुरेत.