जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें देवालय उभें राहतें. पडका गाभारा सांवरणारा पुण्यवान ठरतो. परंतु हेमाडपंती देवळाच्या घडीव दगडांवर तैलरंगाचे थर चढविणाराही स्वतःस जीर्णोद्धारकच म्हणवितो. जुनें सावरतांना जुनें किती राखावें आणि नवें किती घालावें, हा प्रश्न मात्र केवळ देवळांपुरता नाहीं. इटलींत तो एका अगदीं निराळ्या वस्तूविषयीं, जुन्या मोटारसायकलीविषयीं, मोठ्या आस्थेनें विचारला जातो. आपल्याकडे लोकांनीं जिला तिच्या आवाजावरून फटफटी हें नांव दिलें, तीच ही गाडी.

मिलान शहराच्या उत्तरेस कोमो नांवाचें सरोवर आहे. त्याच्या पूर्व कांठावर, डोंगराच्या पायथ्याशीं, मान्देल्लो देल लारियो हें गांव वसलें आहे. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या आरमाराच्या विमानदलांत तिघांची मैत्री जमली : यंत्रज्ञ कार्लो गुझ्झी, जेनोव्हाच्या जहाजमालक घराण्यांतील जॉर्जो पारोदी आणि वैमानिक जोव्हान्नी राव्हेल्ली. युद्ध संपल्यावर गुझ्झीनें यंत्र आंखावें, पारोदीनें भांडवल उभारावें आणि राव्हेल्लीनें तें शर्यतींत दौडवावें, असा त्यांचा बेत होता. परंतु १९१९ सालीं विमान-अपघातांत राव्हेल्लीचा अंत झाला. उरलेल्या दोघांनीं १५ मार्च १९२१ रोजीं ‘मोतो गुझ्झी’ ही कंपनी स्थापिली आणि दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ पंख पसरलेला गरुड हें तिचें चिन्ह ठरविलें.

त्याच वर्षीं ‘नोर्माले’ ही पहिली गाडी निघाली. तिचा एकच सिलिंडर उभा नसून पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवा घातलेला होता. त्यामुळें समोरचा वारा त्याच्या तापलेल्या माथ्यावर सरळ येई आणि इंजिनाचा भार जमिनीलगत राही. गति समतोल राखणारें जड चाक इंजिनाच्या बाहेर उघडें फिरे. सिलिंडराचा व्यास ८८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ८२ मिलिमीटर आणि शक्ति अवघी ८ अश्वांची. हींच दोन मापें पुढें सैन्यासाठीं १९३९ पासून निघालेल्या ‘आल्चे’ गाडींत, १९४६ च्या ‘सुपेराल्चे’ गाडींत, १९५० च्या ‘फाल्कोने’मध्यें आणि १९७६ पर्यंत बनलेल्या ‘नुओव्हो फाल्कोने’मध्यें कायम राहिलीं. पंचावन्न वर्षें एका घराण्याचा वंश चालावा, तसा हा प्रकार झाला.

एवढा दीर्घ वंश असल्यावर सुटे भाग सहज मिळावेत, असें कोणासही वाटेल. परंतु येथेंच नवखा मनुष्य फसतो. नांव एक, गांव एक, म्हणून माणूस एक होत नाहीं. ‘आल्चे’मध्यें पेट्रोलचें मिश्रण आंत घेणारी झडप बाजूस आणि धूर बाहेर टाकणारी माथ्यावर होती, ‘सुपेराल्चे’मध्यें दोन्ही माथ्यावर गेल्या. ‘नुओव्हो फाल्कोने’चें तर इंजिनच नव्यानें आंखलेलें असून त्याचें जड चाक झांकून गेलें. दट्ट्याचें माप जुळलें, तरी त्याच्या सभोंवारचें सर्व कांहीं निराळें. म्हणून भाग शोधणाऱ्यास प्रथम इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक, कारखान्याचीं जुनीं सूचिपत्रें आणि सरकारी नोंद पाहावी लागते. इटलींत वाहनांची सरकारी नोंदवही १९२७ पासून ठेवली जात असल्यामुळें एखाद्या गाडीचें कुळ कधीं कधीं सातबाऱ्यावरील शेताप्रमाणें धुंडाळतां येतें. मग इमोला येथील व मिलानजवळच्या नोव्हेग्रो येथील जुन्या भागांच्या बाजारांत, गंजलेल्या ढिगांतून, नेमका हवा तो भाग ओळखण्याची दृष्टि लाभते.

भाग सांपडला म्हणजे काम संपलें, असें नाहीं. झिजलेला सिलिंडर आंतून पुनः घांसला कीं त्यास किंचित् मोठा दट्ट्या लागतो. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या वेटोळ्यांवरील लेप जुना होऊन सुटतो. तेव्हां तार नव्यानें गुंडाळावी लागते. बोलोन्याच्या दुकाती कारखान्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हें घराणें १९२६ पासून नभोवाणीच्या यंत्रांचे भाग करीत असे. १९४४ च्या बाँबवर्षावांत कारखाना उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर तें मोटारसायकलींकडे वळलें. १९५४ मध्यें तेथें आलेल्या फाबियो ताल्योनी यानें झडपा चालविण्यासाठीं उभा दांडा आणि तिरप्या दांत्यांचीं चाकें योजिलीं. त्या दांत्यांमधील फट कागदासारख्या पातळ चकत्या घालून जुळवावी लागते. भाग सारे अस्सल असले, तरी ही जुळणी हाताला ठाऊक नसेल, तर चाकें कण्हूं लागतात आणि लवकर झिजतात. तेव्हां दुर्मिळ असतो तो केवळ भाग नव्हे. तो बसविणारा हातही दुर्मिळ होत चालला आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मिळेल तें सर्व नवें घालून गाडी आरशासारखी चकचकीत करावी काय? पुष्कळ वर्षें हाच मार्ग भूषणावह मानला गेला. परंतु झिजलेला पायटा, हातांनीं गुळगुळीत झालेली मूठ, पोलिसखात्याच्या मूळ रंगाचा राहिलेला एखादा ठिपका, हीं सारीं त्या यंत्राची साक्ष आहे. ती एकदां घांसून टाकली कीं कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं ‘तुरिनची सनद’ मान्य केली, तिचा मथितार्थ हाच : आधीं जपावें, मग दुरुस्त करावें, आणि जें बदललें त्याची प्रामाणिक नोंद ठेवावी.

ही नोंद लहानशी वाटते. परंतु इतिहास आणि देखावा यांतील अंतर तीच दाखविते. नवा भाग घालण्यांत कमीपणा नाहीं. त्याला जुना म्हणून मिरविण्यांत आहे. मान्देल्लोच्या त्या आडव्या सिलिंडरांतून आज पुनः आवाज उठतो, तेव्हां तो किती जुन्या आणि किती नव्या लोखंडाचा आहे, हें ज्यास खरें सांगतां येतें, त्यानेंच जीर्णोद्धार केला असें म्हणावें.