यादीत नाव नाही : मोहन्यातला कॅचर आणि १९२० चे पालवणकर बंधू

(हा भाग बोलला तसाच उतरवला आहे. वाचताना अडखळायला होईल तिथे दोन-चार वाक्यं सरळ केली आहेत.)

मी मोहन्याहून बोलतोय. मागे लोकलचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, आंबिवली स्टेशन इथून लांब नाही.

आमच्याकडे "कमी केलं" हा शब्द मी पहिल्यांदा खेळाच्या मैदानावर नाही ऐकला. एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो घरांचा पगार थांबला. तेव्हा मोठी माणसं ओट्यावर बसून कोणाला कधी कमी केलं हेच बोलत असायची. त्यामुळे यादी, नाव आणि नाव नसणं, या गोष्टी आम्हाला लहानपणापासून माहीत.

पण आजची गोष्ट कंपनीची नाही. आजची गोष्ट टीमची.

मी कॉलेजात बेसबॉल खेळायचो. हो, बेसबॉल. हसू नका. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये तो असतो, आणि ज्याला क्रिकेटच्या टीममध्ये जागा मिळत नाही तो बरेचदा तिकडे वळतो. मी तसाच वळलो. माझ्याबरोबर मोहन्यातलाच एक मित्र होता. आमचा कॅचर. पिचरच्या समोर, बॅटरच्या मागे उकिडवा बसतो तो. दोन-दोन तास तसं बसून बघा, गुडघे काय म्हणतात ते कळेल. उसना मास्क, शिवलेला ग्लव्ह, पण त्याच्या हातातून बॉल सुटायचा नाही.

शेवटच्या वर्षी ट्रायल झाल्या. दोन दिवसांनी बोर्डावर यादी लागली. सोळा नावं. माझं होतं, त्याचं नव्हतं. त्याच्या जागी जो आला त्याला मी त्या सीझनमध्ये सरावाला तीनदा पाहिला असेन. सरांना एकानं विचारलं, तर सर म्हणाले, "बॅलन्स बघावा लागतो." कसला बॅलन्स, ते कोणीच विचारलं नाही. मीही नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र आम्ही सरांची सालं काढली. सरांना कळतच नाही, सरांचे लाडके ठरलेले असतात, वगैरे. मैदानावर सगळे गप्प. मी थर्ड बेसवर उभा राहिलो, पहिल्याच फेरीत हरलो, विषय संपला.

म्हणजे मला वाटलं संपला. मागच्या महिन्यात तो आंबिवलीच्या पुलावर भेटला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं आणि जाता जाता म्हणाला, "एक विचारू? तेव्हा तू काही बोलला का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी त्या माणसांकडे गेलो ज्यांच्याकडे होतं. आपण चाललोय १९२० च्या मुंबईत.

बाळू पालवणकर हे नाव ऐकलंय? जन्म १८७६, धारवाडचा. चर्मकार समाजातला. वाढला पुण्यात. तिथे गोऱ्या साहेबांच्या क्लबात त्याला नोकरी लागली, पगार महिन्याला मोजून चार रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं, आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचे. ग्रेग नावाचा एक कॅप्टन होता, तेव्हाचा नावाजलेला फलंदाज. बाळू त्याला तासन् तास डावखुरी फिरकी टाकायचा. असं सांगतात की ग्रेग त्याला प्रत्येक विकेटमागे आठ आणे द्यायचा. बॅट मात्र कधी हातात दिली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम बाळूचा.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला त्या साहेबांना हरवायचं होतं. मग प्रश्न आला, बाळूला घ्यायचं का? बॉल टाकण्यापुरतं घ्यायचं ठरलं. मैदानावर सगळे त्याच बॉलला हात लावायचे. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून प्यायचे आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवायलाही वेगळा. तो विकेट काढत गेला, पुण्याचे संघ जिंकत गेले, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांसारखी माणसं उघड म्हणायला लागली की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आला. हिंदू जिमखान्याकडून खेळायला लागला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूच्या आठ विकेट. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूनं त्या दौऱ्यात एकूण ११४ विकेट काढल्या. जरा थांबा आणि हा आकडा परत ऐका. एकशे चौदा. खांदा दुखत असताना.

एवढं करून तो कप्तान झाला का? नाही. वर्षामागून वर्षं दुसरे झाले. एम. डी. पै १९१३ मध्ये कप्तान झाले, तेव्हा त्यांनीच सत्काराच्या भाषणात सांगितलं की हा मान खरा बाळूचा, तो ज्येष्ठ आहे. कप्तान स्वतःच म्हणतोय की निवड चुकली. तरी निवड समिती ढिम्म.

आता १९२०. मुंबईत चौरंगी सामने होते, हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांमध्ये. आज विचित्र वाटतं, पण त्या काळचं आयपीएल तेच होतं, झाडांवर चढून लोक बघायचे. यावेळी समितीनं बाळूला संघातूनच वगळलं. वय चव्वेचाळीस. प्रामाणिकपणे सांगतो, वयामुळे वगळलं असेल तर मी समितीच्या बाजूनं थोडं तरी बोलू शकतो. पण पुढे बघा काय झालं. पै आजारी पडले, कप्तानाची जागा रिकामी झाली. बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल तेव्हा संघातला सर्वांत चांगल्या फलंदाजांपैकी एक. वयानं आणि अनुभवानं पुढे. कप्तानपद मिळालं पुण्याच्या दि. ब. देवधरांना, जे विठ्ठलपेक्षा सहा वर्षांनी लहान.

देवधर म्हणजे ऐरेगैरे नव्हते हं. पुढे ज्यांच्या नावानं देवधर करंडक सुरू झाला, तेच हे. मोठा खेळाडू. अडचण देवधरांची नव्हती. अडचण ही होती की बाळूच्या वेळी ज्येष्ठता चालली नाही, विठ्ठलच्या वेळीही चालली नाही. मोजपट्टी दर वेळी वेगळी, आणि दर वेळी बाहेर राहणारं घर एकच.

इथे विठ्ठल आणि त्याचा भाऊ शिवराम यांनी जे केलं, त्यासाठी मी हा भाग करतोय. दोघांची नावं यादीत होती. दोघांनी संघातून माघार घेतली आणि निवेदन काढून जाहीर सांगितलं की आमच्यावर अन्याय झालाय, तो जातीमुळे झालाय, आणि स्वाभिमान सोडून आम्ही खेळणार नाही. मुंबईत गदारोळ झाला. ही ती वेळ, जेव्हा गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध उघड बोलत होते. जिमखान्याच्या दारातला प्रश्न एकदम सगळ्या शहराचा झाला.

अंतिम सामना पारशांशी होता. तोवर पै बरे होऊन परतले होते. तडजोड झाली. बाळूला परत घेतलं, उपकप्तान केलं, दोघं भाऊ खेळायला आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ का होईना, संघ बाळूच्या हाताखाली खेळला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कप्तान झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलनं पुढे "माझे क्रीडा-जीवन" नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ मध्ये आलं. बाळू राजकारणात गेला, १९३७ ची निवडणूक थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढला आणि हरला. ती गोष्ट गुंतागुंतीची आहे, तिला वेगळा भाग लागेल.

बरं, आता दुसरी बाजू. कारण मी सरांना शिव्या घालून मोकळा होणार नाहीये.

निवडणाऱ्याचं कामही सोपं नसतं. जानेवारी १९७१ मध्ये विजय मर्चंट यांनी अध्यक्षाचं निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कप्तान केलं. टीका झाली. पण वाडेकरांचा संघ त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आला. इंदूरला त्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभारली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० ने गेली. लोकांनी इंदूरच्या त्या बॅटला काळं फासलं, वाडेकरांच्या घरावर दगड आले. पुढे त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि त्यांनी खेळणं थांबवलं. बॅट तीच, माणूस तोच. आपली टीका किती वेळा निकालावर असते आणि किती वेळा निर्णयावर, हे तपासायला ती बॅट बरी पडते.

आणि इंदूरच म्हणाल तर, १९ ऑक्टोबर २०२५. महिलांचा विश्वचषक. सलग दोन सामने हरलेल्या भारतानं इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्सला बसवलं, कारण सहावी गोलंदाज हवी होती. सामना चार धावांनी गेला. सगळं खापर प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्यावर. आठवतंय ना, आपण सगळ्यांनी रील शेअर केले होते? पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, नाबाद ७६. मग उपांत्य फेरीत, नव्या मुंबईत, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना नाबाद १२७. २ नोव्हेंबरला कप आपला.

यात मला मुजुमदार महत्त्वाचे वाटतात. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. बॅटिंग आलीच नाही. नंतर रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६०, एकूण अकरा हजारांवर धावा, आणि भारताचा एकही सामना नाही. यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे ज्याला आयुष्यभर माहीत, त्यालाच एक दिवस कोणाला तरी बसवायचं होतं. त्यानं बसवलं, चुकलं, पुढच्या सामन्यात दुरुस्त केलं. निर्णयामागचं कारण आपल्याला पटो न पटो, ते सांगता येण्यासारखं होतं.

अमेरिकेत, जिथे कॉलेज बेसबॉल हा मोठा पैशाचा खेळ आहे, तिथे २०२५ मध्ये कोर्टात झालेल्या समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना बेसबॉलसाठी ३४ खेळाडूंची मर्यादा आली. अनेक मुलांना जागा सोडावी लागली. तेव्हा ज्यांची जागा गेली त्यांच्यासाठी सवलत द्या, असा आग्रह खुद्द न्यायाधीशांनी धरला. म्हणजे कपात करतानाही जाणाऱ्याचं काय, हे विचारणारं कोणीतरी लागतं.

मग माझ्या सरांचं काय चुकलं? कॅचरला काढलं हे नाही. कदाचित त्यांच्याकडे कारण असेलही. त्यांनी ते त्याला समोर बसवून सांगितलं नाही, हे चुकलं. आणि माझं काय चुकलं, तर मी ते विचारलं नाही. ग्रुपवर वीस मेसेज टाकण्यापेक्षा सरांच्या केबिनमध्ये जाऊन एक वाक्य बोलणं जड होतं, कारण माझं नाव यादीत होतं. विठ्ठल आणि शिवराम यांचंही होतं.

तुम्ही आत्ता कुठल्या टीममध्ये असाल, कॉलेजची, सोसायटीची, ऑफिसची, तर सीझन सुरू होण्याआधीच विचारून ठेवा : निवड कशावर होणार, कोण करणार, आणि ज्याचं नाव नसेल त्याला कारण कोण सांगणार. यादी लागल्यावर विचारलं की ते भांडण वाटतं. आधी विचारलं की तो नियम होतो.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्याला फोनवर सगळं ऐकवलं. परवानगी हवी होती. तो शांतपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "त्या शिवरामनं पण सामना सोडला?"

म्हटलं, "हो."

"त्याला तर कप्तानही करणार नव्हते."

"नाही."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टाक एपिसोड. फक्त माझं नाव नको घेऊस, घरी माहीत नाहीये."

म्हणून त्याचं नाव या भागातही नाही. यावेळी निदान त्याला विचारून.

भेटू पुढच्या भागात.