मोरीतले दोन डबे

गिरगावातल्या आमच्या चाळीत आजीच्या मोरीत दोन डबे असत. रोजच्या धुण्याला निरमा. आजोबांचे ऑफिसचे सदरे आणि ठेवणीतल्या साड्या यांना सर्फ. ‘दोन कशाला गं?’ असं विचारलं की आजी टीव्हीचीच गोष्ट सांगायला बसे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण दूरदर्शनवर जाहिराती यायला १९७६ साल उजाडलं. आमच्या मजल्यावर टीव्ही आला तो आणखी काही वर्षांनी, तोही एकाच बिऱ्हाडात. संध्याकाळी पोरं तिथे फरशीवर दाटीवाटीने बसत, बाया दाराशी भाजी निवडत. आजी सांगे, ‘निरमा लागलं की पोरी उठून उभ्याच राहायच्या.’ पडद्यावर पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुलीने गिरकी घेतली की गॅलरीत दहा गिरक्या होत. माझी आत्या त्यांतलीच. जाहिरातीच्या गाण्याची चाल इतकी सोपी, की बोबडं बोलणारं पोरही ती गुणगुणे.

पुढची गोष्ट आजोबा सांगत. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीतले रसायनतज्ज्ञ. १९६९मध्ये त्यांनी घरीच पावडर बनवली, सायकलवरून दारोदार विकली आणि मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून तिला निरमा म्हटलं. १९५९पासून बाजारात असलेल्या सर्फपेक्षा ती कितीतरी स्वस्त. ‘महिनाअखेरीला तिनेच तारलं,’ आजोबा म्हणत.

मग सर्फने जाहिरातीत ललिताजी आणली. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अ‍ॅलेक पदमसींना ती स्वतःच्या आईवरून सुचली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पण चांगल्या वस्तूला चार पैसे जास्त मोजणारी आणि का मोजले ते ठणकावून सांगणारी बाई. अभिनेत्री कविता चौधरींनी ती अशी उभी केली की चाळीत घासाघीस करणाऱ्या प्रत्येकीचं नाव ललिताजी पडलं.

आजी म्हणायची, ‘अगं, ती हिशेब सांगत होती. तोच हिशेब मी रोज करत होते. पण मला तो कधी कुणी विचारला नव्हता.’

२०२४मध्ये कविता चौधरी गेल्या. आजी तेव्हा नव्हती. आत्याचा फोन आला, ‘आईची ललिताजी गेली गं.’ मग आत्या बराच वेळ आजीबद्दलच बोलत राहिली.

तेव्हा मला उमगलं. माल दोन्ही जाहिरातींत धुण्याची पावडरच. पण एकीने पोरींना नाचायला गाणं दिलं आणि दुसरीने आजीच्या मनातलं चारचौघांत बोलून दाखवलं. ज्या जाहिरातीत घरातलं माणूस सापडतं, तीच घरात राहते. आत्याच्या मोरीत आजही दोन डबे आहेत.