कल्पित सराया आणि त्यांची नावे

इंग्रजी अद्भुतकथेतील प्रवासी बहुधा दिवेलागणीला एखाद्या सराईच्या दारी येऊन ठेपतो. त्या सराईचे नाव ठरविताना लेखकाच्या कल्पनेला अडविणारा कोणी नसतो, आणि नेमकी याच कारणाने अशी पुष्कळ नावे पोकळ वाटतात. एखादे विशेषण एखाद्या प्राण्याला जोडले की सराई उभी राहिली, असा समज त्यामागे असतो. इंग्लंडातील खऱ्या सरायांची जुनी नावे मात्र आधी चित्रे होती. शब्द मागाहून आले.

१३९३ मध्ये, दुसरा रिचर्ड गादीवर असताना, लंडनच्या मद्यविक्रेत्यांवर दारापुढे खूण लावण्याची सक्ती झाली. मद्याची चव घेऊन त्याची प्रत ठरविणारे नगराचे अधिकारी असत. कोणत्या घरात शिरावयाचे हे त्यांना बाहेरूनच कळावे, हा हेतू. (पुढे शेक्सपिअरचे वडील जॉन यांनीही स्ट्रॅटफर्ड येथे हेच काम केले.) अक्षरओळख थोड्यांनाच, म्हणून खूण म्हणजे चित्र. रिचर्डचे राजचिन्ह असलेले पांढरे हरिण अशा कितीएक पाट्यांवर चढले. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल येथे ओक वृक्षावर लपून बचावला. १६६० मध्ये तो राजा म्हणून परतला आणि गावोगाव ‘रॉयल ओक’ नावाच्या सराया झाल्या. राजनिष्ठा दाखविण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल!

हे मर्म स्टीव्हन्सनने ओळखले होते. १८८३ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये त्याने कथेच्या सालाचे शेवटचे दोन आकडे मुद्दाम झाकून ठेवले आहेत, पण समुद्रकाठच्या सराईला नाव दिले ‘ॲडमिरल बेन्बो’. फ्रेंचांशी लढताना जखमी होऊन १७०२ मध्ये मरण पावलेला हा खरा दर्यावर्दी. त्याचे नाव पाटीवर दिसताच काळ, किनारा आणि तेथील माणसांचा अभिमान, सारे एकदम उभे राहते.

टोल्कीनपुढील अडचण अधिक बिकट होती. १९५४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील जगात इंग्लंडचा राजाही नाही आणि आरमारही नाही. तरी ब्री गावातील ‘प्रान्सिंग पोनी’ खरी वाटते, कारण मागल्या पायांवर उभे राहिलेले लठ्ठ पांढरे तट्टू तेथे पाटीवर रंगविलेले आहे. सरदारांच्या ढालींवर सिंह असाच उभा असतो. सिंहाच्या जागी तट्टू आले की दिमाख उतरतो आणि घरगुती ऊब येते. तट्टांवरून हिंडणाऱ्या ठेंगण्या हॉबिटांना हीच सराई शोभते. एखादा उग्र राक्षस पाटीवर टांगला असता तर वाचक क्षणभर दचकला असता, पण मुक्कामाला राहिला नसता.

टोल्कीनची स्वतःची मित्रमंडळी ऑक्सफर्डच्या ज्या मद्यगृहात वर्षानुवर्षे जमत असे, त्याचे नाव ‘ईगल अँड चाइल्ड’. बालकाला उचलून नेणारा गरुड हे डर्बीच्या अर्लांचे कुलचिन्ह. परंतु पाटीकडे पाहणाऱ्यांना अर्लाशी काय कर्तव्य? त्यांना दिसला पक्षी आणि दिसले बाळ. म्हणून ते त्या जागेला ‘बर्ड अँड बेबी’ म्हणू लागले.