दीन-ए-इलाही : नवा धर्म की बादशहाच्या मुरिदांचं मंडळ?

बादशाह अकबराने हिंदू आणि इस्लाम धर्म एकत्र करून ‘दीन-ए-इलाही’ नावाचा नवा धर्म काढला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कुणी त्यासाठी अकबराची तारीफ करतो, कुणी त्याला दीन सोडलेला ठरवतो. पण मुळात घडलं काय, ते आपण नीट पाहायला हवं.

1575 मध्ये अकबराने फत्तेपूर सिक्रीत इबादतखाना बांधला. सुरुवातीला तिथे फक्त मुस्लिम उलेमांच्या चर्चा होत. त्या चर्चांमध्ये उलेमा एकमेकांवरच तुटून पडू लागले. पुढे पंडित, जैन मुनी, पारशी आणि गोव्याहून आलेले जेझुइट पाद्रीही दरबारातल्या चर्चेत सामील झाले. 1579 मध्ये ‘महजर’ निघाला. उलेमांमध्ये मतभेद झाल्यास त्यातलं एक मत निवडण्याचा अधिकार त्याने बादशहाला मिळाला.

1582 च्या सुमारास दीन-ए-इलाहीची सुरुवात झाली. त्याला ना स्वतंत्र ग्रंथ होता, ना पुरोहित, ना प्रार्थनास्थळ. त्याची घडण सूफी पीर-मुरिदीसारखी होती, फक्त पीराच्या जागी बादशाह! रविवारी मुरीद आपली पगडी बादशहाच्या पायाशी ठेवत असे. माल, जान, इज्जत आणि दीन या चार गोष्टी बादशहासाठी सोडण्याची तयारी, त्यावर निष्ठेची पायरी ठरे. सूर्य आणि प्रकाशाबद्दलचा आदर, मांसाहार कमी करणं यांवर इतर धर्मांची छाप दिसते.

नावानिशी माहीत असलेले प्रमुख सभासद जेमतेम 18. त्यात हिंदू एकटा बिरबल. राजा मानसिंहाने नकार दिला. बदायुनी लिहितो, त्याप्रमाणे त्याचं म्हणणं असं होतं : निष्ठा म्हणजे जीव देणं असेल तर तो आधीच तळहातावर आहे, धर्म बदलायचा असेल तर मी हिंदू आहे, हुकूम असेल तर मुसलमान होईन, पण तिसरी वाट मला ठाऊक नाही. तरीही त्याचं दरबारातलं स्थान कायम राहिलं.

बदायुनीने गुपचूप लिहिलेल्या इतिहासात बादशहावर कडक टीका केली. शेख अहमद सरहिंदी यांनीही पुढे अकबराच्या धोरणाला विरोध केला. तौहीद आणि रिसालत मानणाऱ्याला बादशहापुढे असं झुकणं पटणार नव्हतंच. 1605 मध्ये अकबर गेला आणि वेगळा पंथ म्हणून दीन-ए-इलाही टिकला नाही.

‘सुल्ह-ए-कुल’, म्हणजे सर्वांशी सलोखा, हे धोरण मात्र वेगळं समजलं पाहिजे. 1563 मध्ये यात्राकर आणि 1564 मध्ये जिझिया रद्द झाला होता, दीन-ए-इलाहीच्या कितीतरी आधी. म्हणजे हिंदू प्रजेला दिलासा मिळाला तो धर्म एकत्र केल्यामुळे नाही, तर इन्साफामुळे.

शेजाऱ्याशी सलोख्याने राहायला कुणी आपला दीन सोडावा लागत नाही. मुलांना अकबर शिकवताना हा फरक आपण जरूर सांगूया.